काकूंच्या नावाने उघडलेली मशिनं

आमच्या ऑफिसचा सर्व्हर स्वयंपाकघरात होता. हे सांगितलं की लोकांना वाटतं मी थट्टा करते आहे, पण त्या काळच्या रायपुरात ते अगदी रीतसर होतं. राज्य नवं, राजधानी नवी, आणि भोपाळहून ट्रक भरभरून आलेली कपाटं, फायली आणि साहेब ठेवायचे कुठे हा प्रश्न. सरकारने मिळतील ते बंगले भाड्याने घेतले. आमच्या वाट्याला शंकर नगरातला एक दुमजली बंगला आला. दिवाणखान्यात टायपिंगचा हॉल, मोठ्या बेडरूममध्ये साहेब, लहान बेडरूममध्ये बिलांचा विभाग आणि खालच्या बाथरूममध्ये झेरॉक्स मशीन. स्वयंपाकघरात अर्थिंग चांगलं होतं, फ्रिजसाठी जाड वायर आधीच ओढलेली होती, म्हणून एसी आणि सर्व्हर तिकडे गेले. काळ्या ओट्यावर, जिथे आधी कुणाची तरी शेगडी असणार, तिथे आमचा डोमेन कंट्रोलर बसला. शेजारीच सिंक. त्याचा नळ प्लंबर बोलावून कायमचा बंद करून घेतला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

मला कुणाचा फोन आला की हॉलमधून उत्तर जायचं, "मॅडम किचन में हैं।" आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "एवढं शिकूनसवरून शेवटी सैपाकघरातच गेली का तू?"

डोमेन कंट्रोलर म्हणजे काय, ते मी बाबांना असं समजावलं होतं. ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांच्या वर एक मुख्य कॉम्प्युटर असतो. प्रत्येक कर्मचाऱ्याचं त्यात एक खातं असतं. सकाळी टेबलावरच्या मशीनमध्ये आपलं नाव आणि पासवर्ड टाकला की ते मशीन किचनमधल्या मशीनला विचारतं, हा माणूस आपला आहे का, आणि याला काय काय उघडायची परवानगी आहे? होकार मिळाला की काम सुरू. शिवाय कोण केव्हा आलं, कुणी कुठली फाइल बदलली, कुणी काढून टाकली, याची नोंद तो गुपचूप ठेवत राहतो. बाबा आयुष्यभर रेल्वेत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे स्टेशन मास्तर म्हण ना." त्याहून चांगली व्याख्या मला पुढे कुठल्याही ट्रेनिंगमध्ये मिळाली नाही.

या स्टेशन मास्तरची देखभाल माझ्याकडे होती. नवा माणूस आला की खातं उघडायचं, बदली झाली की बंद करायचं, कुणाला कुठल्या फोल्डरमध्ये जाता येईल ते ठरवायचं, आणि रोज संध्याकाळी सगळ्याची एक प्रत टेपवर घ्यायची. मी कायम नोकरीत नव्हते. वर्षभराचा करार असायचा, आणि वर्ष संपलं की साहेबांच्या सहीने पुढचं वर्ष. बाबांची पेन्शन भावाच्या कॉलेजला जायची. बूढापाऱ्यातलं आमचं भाड्याचं घर माझ्या पगारावर चालायचं. त्यामुळे त्या सहीची वाट घरातले सगळेच बघायचे, पण तोंडाने कुणी म्हणायचं नाही.

आता माझ्या स्वभावाबद्दल. राग नाकावर, जीभ तिखट. आणि हॉलमधले लोक असे की संतांचीही कसोटी बघतील. पासवर्ड म्हणून सगळ्यांनी देव वाटून घेतले होते. बजरंगबलीचं स्पेलिंग चुकायचं, खातं बंद पडायचं, आणि मग तो माणूस चपला बाहेर काढून किचनच्या दाराशी उभा. चपला काढायच्या ही माझीच सक्ती, धुळीसाठी. पण त्यामुळे त्या दाराला देवघराची कळा आली होती आणि मला पुजाऱ्याची. "भैया, पासवर्ड किसी को बताना नहीं है," असं मी दर आठवड्याला ओरडायचे. सगळे माना डोलवायचे आणि जागेवर जाऊन शेजाऱ्याला नवा पासवर्ड सांगायचे, म्हणजे आपण विसरलो तर त्याला तरी आठवेल.

या सगळ्या गोतावळ्यात मराठी बोलायला मला एकच माणूस होतं, ते म्हणजे काकू. हॉलमधल्या सगळ्यात जुन्या टायपिस्ट. निवृत्ती अगदी तोंडावर आलेली. बाकीचे त्यांना दीदी म्हणत, मी काकू म्हणायचे. माहेर भंडाऱ्याकडचं, वडील रेल्वेत, नवरा रेल्वेत, घर पुरानी बस्तीत. दसऱ्याला दरवर्षी सुट्टी टाकून नागपूरला दीक्षाभूमीला जाणार म्हणजे जाणार, मग अधिवेशन असो की वरच्या साहेबांची तपासणी. आम्ही दोघी दुपारी किचनमध्ये, सर्व्हरच्या शेजारी, ओट्याच्या रिकाम्या टोकाला डबा उघडायचो. सर्व्हरपाशी खायचं नाही असा नियम होता. तो मीच केला होता आणि काकूंसाठी मोडला होता, कारण त्यांच्या डब्यातल्या वांग्याच्या भाजीपुढे माझं काही चालायचं नाही.

काकूंची दोन्ही मुलं हिंदीत उत्तर द्यायची याचं त्यांना फार वाईट वाटायचं. "मी मराठीत विचारतो, अन् पोट्टे हिंदीत सांगतात. आपल्याच घरी मी पाहुणी होऊन राहिली," असं म्हणायच्या. माझ्याशी बोलायला मिळावं म्हणूनच त्या डबा घेऊन येत असाव्यात. मला तर त्यांच्या बोलण्यात आईच ऐकू यायची, फक्त रागवायची नाही.

ऑफिस साडेदहाचं, पण काकू पार आधी यायच्या. काकांची ड्यूटी लवकर असायची आणि जाताना ते स्कूटरवरून त्यांना बंगल्याच्या फाटकाशी सोडायचे. चौकीदार दार उघडून द्यायचा. मग आम्ही येईपर्यंत काकू एकट्या काय करायच्या, हा विचार माझ्या मनात कधी आला नाही. मी स्कूटी लावून आत यायचे तेव्हा सगळे आपापल्या मशीनसमोर बसून खटखट करत असायचे. छान चाललं आहे म्हणून मी सरळ किचनमध्ये.

ही गोष्ट एका हिवाळ्यातल्या अधिवेशनाची आहे. विधानसभेत आमच्या खात्याबद्दल प्रश्न विचारले जायचे आणि त्यांची उत्तरं आमच्या हॉलमध्ये टाइप व्हायची. उत्तरांचं एक सामाईक फोल्डर मी सर्व्हरवर केलं होतं. त्यात बदल करायची मुभा फक्त टायपिस्टांना. साहेबांना फक्त वाचायची. त्यांना त्याचं काही वाटलं नव्हतं. ते दुरुस्त्या कागदावर लाल पेनने करायचे, आणि तो कागद काकूंकडे जायचा.

एका दुपारी, जेवणं नुकतीच आटोपली होती, हॉलमधून हाक आली की फोल्डर दिसत नाही. मी बघायला गेले. खरंच दिसत नव्हतं. दुसऱ्या मशीनवर बघितलं, तिसऱ्यावर बघितलं. अख्ख्या अधिवेशनाची उत्तरं गायब. घरच्या कॉम्प्युटरवर काही उडवलं तर ते कचरापेटीत जाऊन पडतं, तिथून काढता येतं. सर्व्हरवरचं उडवलं की ते थेट गेलं.

टेपवर आदल्या संध्याकाळची प्रत होती. ती मी परत आणली. पण त्या सकाळचं सगळं काम गेलं होतं, आणि नेमकं त्याच सकाळी साहेबांनी अर्ध्याहून जास्त उत्तरं लाल करून पाठवली होती. मग सगळा हॉल बसला. लाल कागद वाटून घेतले आणि पुन्हा टाइप करायला लागले. कुणी कुरकुर केली नाही, हे मला आजही सांगावंसं वाटतं. काकू तर पाणी प्यायलाही उठल्या नाहीत. उत्तरं विधानसभेत पोचली, पण उशिरा पोचली, आणि वरून साहेबांना फोनवर जे ऐकावं लागलं ते बंद दाराआडूनही आम्हाला कळलं.

फोन ठेवून साहेब हॉलमध्ये आले. भोपाळहून आलेले, उंच, कमी बोलणारे. आवाज कधी चढवायचे नाहीत. त्या दिवशीही चढवला नाही.

"मैडम, आपके सर्वर में रिकॉर्ड रहता है ना, किसने डिलीट किया?"

"जी सर, रहता है।"

"कल शाम तक मुझे नाम चाहिए। ऊपर जवाब देना है। नाम नहीं मिला, तो चाबी जिसके हाथ में है, जवाब भी उसी का होगा। आपके कॉन्ट्रैक्ट की फाइल मेरी टेबल पर ही है, वहीं रुक जाएगी।"

सगळ्यांसमोर म्हणाले. सगळे आपापल्या कीबोर्डकडे बघत राहिले. घरी जाऊन मी आईला काही सांगितलं नाही. भाजी खारट झाली आहे यावरून मात्र भांडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आल्या आल्या नोंदी उघडल्या. फोल्डर उडवल्याची नोंद सापडायला वेळ लागला नाही. त्यात खातं होतं काकूंचं.

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग वेळ बघितली. वेळ होती जेवणाच्या सुट्टीची, आणि त्या वेळी काकू माझ्यासमोर ओट्यापाशी बसून माझ्या डब्यातल्या कारल्याला नावं ठेवत होत्या. म्हणजे उडवणारं खातं काकूंचं, आणि काकू किचनमध्ये. स्टेशन मास्तर खोटं बोलत नव्हता आणि मीही आंधळी नव्हते. पण साहेबांना जाऊन काय सांगणार? दोन मराठी बायका एकत्र डबा खातात हे सगळ्या ऑफिसला माहीत. एकीने दुसरीसाठी साक्ष दिली, असंच कुणीही म्हटलं असतं. आणि काकूंचं नाव कागदावर गेलं असतं तर मेमो, चौकशी, आणि निवृत्तीच्या तोंडावर चौकशी म्हणजे पेन्शन अडकलीच. काकूंना बोलावून विचारावं असं वाटलं, पण त्या साहेबांच्या खोलीतून नुकत्याच बाहेर येताना दिसल्या आणि हॉलमध्ये सगळे होते, म्हणून मी थांबले.

मग मी सकाळच्या नोंदी बघायला घेतल्या. त्या मी कधी वाचत नसे. मशीन नीट चालू असताना स्टेशन मास्तरची डायरी कोण वाचतं? त्यात मला जे दिसलं ते बघून मी खुर्चीत मागे टेकले. रोज सकाळी, ऑफिस भरायच्या आधी, हॉलमधल्या एकेका मशीनवर काकूंचं खातं उघडलं जात होतं. एक झालं की दुसरं, मग तिसरं. सगळा हॉल. रोज. बाकीच्यांची खाती वापरली जायची ती फक्त मशीन मध्येच अडकून पुन्हा चालू करावं लागलं तर. एरवी बजरंगबली आणि मंडळी आराम करत होती.

मी हॉलमध्ये गेले आणि खिडकीजवळ बसणाऱ्या भैयांना विचारलं, "सुबह आपकी मशीन कौन चालू करता है?"

"दीदी," ते सहज म्हणाले. "सबकी वही खोल देती हैं। बहुत टाइम लेती है ना मशीन।"

आता सगळं लख्ख कळलं. ती जुनी मशिनं. पासवर्ड टाकला की चहा पिऊन यावा इतका वेळ लावायची. काकू लवकर यायच्या, हातात काही काम नसायचं. लोकांचा वेळ वाचावा म्हणून त्या सगळ्यांची मशिनं लावून ठेवायच्या, जसं घरात पहिलं उठलेलं माणूस सगळ्यांसाठी पाणी तापत ठेवतं. आणि त्यांना फक्त स्वतःचा पासवर्ड पाठ होता, म्हणून सगळ्यांची मशिनं त्यांच्याच नावाने उघडायची. मी इतके दिवस पासवर्डवरून घसा कोरडा करत होते, आणि इथे एका बाईच्या नावावर अख्खं ऑफिस चाललं होतं. मला हसूही आलं आणि रागही आला. काकूंचा राग नाही. पण उगाच कुणाचा तरी.

एवढं कळल्यावर पुढचा प्रश्न, त्या दुपारी कुठल्या मशीनवरून? फोल्डर उडवल्याच्या नोंदीत फक्त खातं होतं. पण तिच्यात एक लांबलचक आकडा होता, दर वेळी खातं उघडलं की नवा पडणारा, आणि तोच आकडा दुसऱ्या एका नोंदीत होता, ज्यात मशीनचं नाव लिहिलेलं असतं. मी तो आकडा शोधला, जुळवला, आणि मशीनचं नाव वाचलं. ते हॉलमधलं नव्हतं. साहेबांच्या खोलीतलं होतं.

साहेब आल्यावर त्यांना ताटकळावं लागू नये म्हणून काकू त्यांचंही मशीन उघडून ठेवायच्या, आणि साहेबांना ते माहीतही नसावं. त्यांना वाटत असणार की मशीन असंच सुरू होतं. साहेब स्वतःच्या नावाने आत गेले असते तर सर्व्हरने त्यांना ते फोल्डर उडवूच दिलं नसतं. त्यांना फक्त वाचायची मुभा होती. पण मशीन काकूंच्या नावाने उघडलेलं, आणि काकूंना सगळं करायची मुभा. सर्व्हरने निमूटपणे ऐकलं.

मी किचनमध्ये बसून राहिले. एसी गुरगुरत होता. ज्या माणसाच्या सहीवर माझं घर चालतं त्याला जाऊन सांगायचं की साहेब, तुम्ही शोधताय तो माणूस तुम्हीच. नाही सांगितलं तर काकूंचं नाव जाणार. दोन्ही सोडून हात वर केले तर माझं जाणार. मी फार शूर आहे असं नाही. मला फक्त एवढं कळत होतं की काकूंचं नाव मी माझ्या तोंडाने उच्चारू शकणार नाही. नोंदींचे दोन कागद छापले, चपला घातल्या आणि साहेबांच्या खोलीत गेले.

त्यांनी बसायला सांगितलं. मी कागद पुढे ठेवण्याआधीच ते म्हणाले, "अब रहने दीजिए। नाम मिल गया।"

मी गोंधळले. "कौन सर?"

"दीदी खुद सुबह आकर बोल गईं कि उनसे हुआ है। गलती से हाथ लग गया, बोलीं। कहा कि मैडम से कुछ मत पूछिए, जो लिखना है मेरे नाम से लिख दीजिए।"

मी म्हटलं, "सर, उस टाइम दीदी मेरे सामने बैठकर खाना खा रही थीं।"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी कागद पुढे सरकवले. बोट ठेवून दाखवलं, हे खातं, हा आकडा, तोच आकडा इथे, आणि हे मशीनचं नाव. काकू सकाळी सगळ्यांची मशिनं उघडतात तेही सांगितलं. मी मध्ये थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

त्यांनी दोन्ही कागद शेवटपर्यंत वाचले. मग स्वतःच्या कॉम्प्युटरकडे वळले. पडद्याच्या कोपऱ्यात काकूंचं नाव होतं. रोज तिथेच असणार.

"मैंने समझा था ये मेरी मशीन पर पड़ी कॉपी है," ते हळू म्हणाले. "पुरानी। साफ कर दी।" मग म्हणाले, "आपकी फाइल मेरे पास है, ये आपको याद है ना?"

"याद है सर।"

"फिर भी आप ये लेकर आईं।"

ते उठले. मला वाटलं आता दार दाखवतील. पण ते स्वतःच दाराबाहेर पडले आणि हॉलमध्ये जाऊन उभे राहिले. खटखट थांबली.

"कल का फोल्डर मुझसे डिलीट हुआ है," ते म्हणाले. "मेरे कमरे से, मेरे हाथ से। दीदी की कोई गलती नहीं, मैडम की भी नहीं। कल मैंने सबके सामने कहा था, इसलिए आज भी सबके सामने कह रहा हूँ।"

मग काकूंकडे वळून त्यांनी हात जोडले. काकू कीबोर्डवर बोटं तशीच ठेवून बसल्या होत्या. खाली बघून एवढंच म्हणाल्या, "हव साहब।"

त्या माणसाकडे आयता कबुलीजबाब होता. मी दिलेले कागद खणात टाकले असते तर कुणालाच काही कळलं नसतं. बाई स्वतः येऊन बोलली, विषय संपला, वर नाव गेलं, असं झालं असतं. मी पुढे बऱ्याच ऑफिसांत काम केलं आणि बरेच साहेब बघितले. चूक झाली की खालच्या माणसाच्या अंगावर ढकलायची ही त्यांची सवय मला तोंडपाठ आहे, आणि अशा प्रत्येक वेळी मला तो हॉल आठवतो. त्यांनी वरही तेच लिहून पाठवलं. काय ऐकावं लागलं ते कधी सांगितलं नाही. माझ्या करारावर सही केली ती नेहमीच्या दिवशी, नेहमीच्या पेनने, एक शब्द न बोलता. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. त्यांचं खातं बंद करायची वेळ आली तेव्हा मी ते दिवसभर टाळलं, आणि मग पाच वाजता डोळे पुसून केलं.

नियम अर्थातच बदलला. ज्याने त्याने आपापल्या नावाने मशीन उघडायचं. काकू तरीही लवकर यायच्या, सगळी मशिनं नुसती चालू करून ठेवायच्या आणि पासवर्डच्या पाटीवर थांबवायच्या. "एवढं तं चालते ना?" असं मला रोज विचारायच्या. चालायचं.

पण हे नंतरचं. त्या दिवशी संध्याकाळी काकू फाटकाशी काकांच्या स्कूटरची वाट बघत उभ्या होत्या. मी स्कूटी बाहेर काढली आणि त्यांच्याजवळ थांबले. दिवसभर आम्ही एकमेकींशी बोललोच नव्हतो. डबासुद्धा मुकाट्याने खाल्ला होता.

"काकू, तुम्ही काहून सांगितलं सायबाले? तुम्ही तं माझ्यासमोर होत्या."

"मले काय माहीत कोणं उडवलं," काकू म्हणाल्या. "माझ्याच नावानं सारे बसतात, तं रेकॉर्डमधी माझंच नाव निघन, एवढं मले बी समजते. तू नाव सांगणार नाई हे बी माहीत होतं. तोंडानं तिखट हाय, पण तू नसतं सांगितलं. मंग सायबानं तुलेच काढलं असतं."

"अन् तुमची पेन्शन? चौकशी लागली असती."

"अडली असती. सालभरानं, दोन सालानं सुटली असती. तवरक तुह्या काकाचा पगार हाये ना." त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तुले एकदा काढलं असतं तं कोण परत बोलावणार होतं, सांग बरं?"

काकांची स्कूटर आली. काकू मागे बसल्या, पदर नीट केला, आणि गेल्या.

मी तिथेच उभी राहिले. मी त्यांची कुणी नव्हते. नात्यातली नाही, गावची नाही, जातीची नाही. ओट्याच्या टोकाला एकत्र डबा खायचा, एवढंच आमचं नातं. आणि त्या बाईने आयुष्यभराच्या स्वच्छ नोकरीवर माझ्यासाठी डाग लावून घेतला होता, सकाळी, मी नोंदी वाचत असतानाच, मला कळूही न देता. मी त्यांना वाचवायला म्हणून साहेबांच्या खोलीत गेले होते आणि त्या माझ्या आधीच तिथे जाऊन आल्या होत्या.

स्कूटी घराकडे वळलीच नाही. पुरानी बस्तीतल्या त्या गल्लीत मी यापूर्वी एकदाच गेले होते, तरी घर बरोबर सापडलं. काकूंनी दार उघडलं. हात पिठाचे होते. मी काही न बोलता खाली वाकले.

काकूंनी मला अर्ध्यातच कोपराने अडवलं, पीठ लागू नये म्हणून. "आमच्यात असं पाया नाई पडत, बापा," त्या म्हणाल्या. "आत ये. पोळ्या करून राहिली मी, गरम हायेत, जेवून जा."